गोव्यासमोरचा लाल डाग: उष्णता आली कुठून, की गेलीच नाही?

प्रश्न थोडक्यात असा. मोरजीच्या एका ट्रॉलरमालकांनी मेच्या पहिल्या आठवड्यातले समुद्राच्या तापमानाचे उपग्रह नकाशे पाहिले. गोवा ते कारवार या पट्ट्यासमोर साधारण दोनशे किलोमीटर लांब आणि शंभर किलोमीटर रुंद लाल डाग दिसत होता, सरासरीपेक्षा दीड अंश जास्त. आठ-दहा दिवसांत तो उभा राहिला. किनाऱ्यालगतची पट्टी मात्र तेवढी लाल नव्हती. ते लिहितात, ‘त्या दिवसांत समुद्र अगदी निपचित होता, वाऱ्याचा पत्ता नव्हता आणि बांगडा मिळत नव्हता. जेटीवर तीन मतं आहेत. कोण म्हणतं समुद्राखाली ज्वालामुखी जागा झाला, कोण म्हणतं कैगाच्या अणुवीजकेंद्राचं गरम पाणी येतंय, बाकीचे सगळं एल निनोवर ढकलतात. खरं काय?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, ‘वाऱ्याचा पत्ता नव्हता’ या तीन शब्दांत. समुद्राचा एखादा तुकडा तापलेला दिसला की आपण लगेच शोधतो ती उष्णता आणणारी वस्तू. पण आपल्या अक्षांशावर एप्रिल-मेमध्ये उष्णतेचा तुटवडा कधीच नसतो, ती रोज डोक्यावरून ओतली जाते. रोज आलेली उष्णता रोज बाहेर टाकायची व्यवस्थाही समुद्राकडे आहे, आणि ती व्यवस्था वाऱ्यावर चालते. म्हणून मी पहिल्यांदा विचारतो ते हे की नेहमी जाणारी उष्णता यावेळी का गेली नाही. उष्णता आणली कोणी, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता आकडे. मेच्या सुरुवातीला, आभाळ निरभ्र असेल तर, दिवस-रात्रीची सरासरी धरून अरबी समुद्राच्या दर चौरस मीटरवर अडीचशे वॅटच्या आसपास ऊन पाण्यात शिरतं. यातलं थोडं समुद्र अदृश्य (अवरक्त) किरणांच्या रूपाने परत आकाशात सोडतो. सगळ्यात मोठा खर्च बाष्पीभवनाचा. शंभर वॅट घालवायचे तर दर दिवशी साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचं पाणी वाफ होऊन उडावं लागतं. हे उडणं वाऱ्याच्या वेगावर ठरतं. वारा अर्ध्यावर आला की बाष्पीभवनही जवळजवळ अर्ध्यावर येतं, आणि राहिलेले पन्नास वॅट पाण्यातच अडकतात.

पन्नास वॅट म्हणजे घरातल्या पंख्यापेक्षाही कमी, असं वाटेल. पण एक घनमीटर समुद्राचं पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४१ लाख जूल लागतात. तेव्हा पन्नास वॅट दहा दिवस शिल्लक राहिले आणि ती शिल्लक वरच्या फक्त दहा मीटर पाण्यात साठली, तर ते दहा मीटर एका अंशाने तापतात. हीच शिल्लक वीस मीटरमध्ये वाटली गेली तर अर्धाच अंश. म्हणजे तापमान किती चढलं हे उष्णतेवर जितकं ठरतं तितकंच ते किती जाडीच्या थरात कोंडली गेली यावरही ठरतं. आणि ही जाडी ठरवतो पुन्हा वाराच. वारा असला की लाटा वरचं पाणी खालच्यात मिसळतात. पडला की वरचे पाच-सात मीटर तापून हलके होतात आणि खालच्या पाण्याशी मिसळायचं नावच घेत नाहीत. वारा पडल्याने खर्च कमी होतो आणि साठवणीची जागाही आकसते, असा दुहेरी मार बसतो. आठ-दहा दिवसांत दीड अंश चढायला याहून जास्त काही लागत नाही.

किनाऱ्यालगतची पट्टी कमी लाल का, तेही यातच बसतं. मे महिन्यात सकाळी कितीही मरगळ असो, दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतोच, आणि त्याचा जोर किनाऱ्याजवळ जास्त. तो रोज काही तास वरचं पाणी ढवळतो. बाहेरच्या समुद्राला ती सोय नाही. यात उपग्रहाचाही थोडा दोष असू शकतो, कारण काही उपकरणांना जमिनीजवळचं पाणी नीट वाचता येत नाही. त्याकडे पुढे येतो.

ज्वालामुखीचं काय? समुद्रतळातून वर येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरला एक दशांश वॅट, उन्हाच्या अडीच हजाराव्या हिश्श्याइतकी. एवढ्या बळावर शंभर मीटर खोल पाणी दीड अंशाने तापवायचं, आणि त्यातली एक कणही उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, असं धरलं तरी जवळजवळ दोनशे वर्षं लागतात. आपल्याकडचा डाग दहा दिवसांचा. अरबी समुद्रात कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत गरम पाण्याचे झरे आहेत हे खरं, पण ती रांग गोव्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि खोलवरच्या अशा झऱ्यांचं पाणी काहीशे मीटर वर चढून तिथेच पसरतं, पृष्ठभागापर्यंत येत नाही. आपल्या बाजूला रामन, पणिक्कर आणि वाडिया हे समुद्राखालचे डोंगर आहेत. मूळचे ज्वालामुखीच, पण केव्हाच थंडावलेले. (पणिक्कर म्हणजे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे पहिले संचालक. त्यांच्या नावाच्या डोंगरावर असा आळ येताना पाहून मला उगाच वाईट वाटतं.)

कैगाचा हिशोब तर आणखी सोपा. एक तर ते केंद्र काळी नदीच्या खोऱ्यात, आत आहे, आणि थंड करायचं पाणी कद्रा धरणाच्या जलाशयातून घेतं. समजा त्याची सगळी वाया जाणारी उष्णता, म्हणजे दोनेक हजार मेगावॅट, थेट समुद्रात ओतली. तुमचा डाग वीस हजार चौरस किलोमीटरचा. त्यावर दर चौरस मीटरला फक्त दहा वॅट जादा द्यायचे म्हटले तरी दोन लाख मेगावॅट लागतात, म्हणजे कैगासारखी शंभर केंद्रं. कारखान्याच्या किंवा वीजकेंद्राच्या गरम पाण्याने मासळीचं नुकसान होतं, यात शंका नाही, पण ते तोंडाशी, चार-दोन किलोमीटरच्या आत. उपग्रहाच्या नकाशावर एवढा डाग पडावा इतकी ताकद त्यात नाही.

एल निनोबद्दल, म्हणजे दर काही वर्षांनी प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्याबद्दल, मात्र सरळ नाही म्हणता येत नाही. प्रशांत महासागरातलं गरम पाणी वाहत गोव्याला येतं, अशी अनेकांची समजूत असते, ती चुकीची आहे. एल निनो हवेच्या वाटेने इथे पोचतो: इथले ढग कमी-जास्त करतो, इथला वारा मंद करतो, आणि मग वर सांगितलेला हिशोब आपोआप फिरतो. म्हणून एल निनो प्रशांतात शिगेला पोचल्यावर काही महिन्यांनी, पुढच्या वसंतात, सगळा हिंदी महासागर काही दशांश अंशांनी वर सरकतो. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पांढरी पडली, ती सगळी अशीच वर्षं. पण काही दशांश अंश साऱ्या महासागरावर पसरलेले असतात. फक्त गोवा-कारवारसमोर दीड अंश आणि केरळसमोर काहीच नाही, हे एल निनोचं लक्षण नव्हे. तो फार तर पायरी उंचावून ठेवतो, वरची उडी स्थानिक वाऱ्याची.

तापमानवाढीबद्दलही हेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान १.२ अंशांनी वाढलं. हा आकडा छोटा समजू नका. पण ती शंभर वर्षांची चाल आहे, दहा दिवसांत उभ्या राहिलेल्या डागाचं स्पष्टीकरण ती नव्हे. ती इतकंच करते की पूर्वी ज्या वारा-पडीमुळे पाणी तीस अंशांवर जायचं, तीच आता ते एकतीसवर नेते. प्रवाळाला आणि चक्रीवादळाला हा एक अंश फार मोठा. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्यासमोरून गेलं ते अशाच तापलेल्या पाण्यावरून, आणि जाताना खालचं थंड पाणी ढवळून वर आणून मागे निळा पट्टा सोडून गेलं. वाऱ्याने उष्णता कशी घालवली जाते याचं ते जरा जास्तच ठळक प्रात्यक्षिक.

आता एक गोष्ट जिच्याकडे फार थोडे लक्ष देतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नकाशावरचा लाल रंग म्हणजे पाणी गरम आहे असं नव्हे, तर त्या तारखेच्या सरासरीपेक्षा गरम आहे, असं. आपल्या समुद्राचं तापमान वर्षभर सारखं नसतं. एप्रिल-मेमध्ये ते वर्षातल्या शिखरावर असतं, आणि मान्सून येताच काही दिवसांत खाली घसरतं. त्या घसरणीच्या सुमारास मान्सून आठ-दहा दिवस पुढे-मागे झाला तर काय होईल? २०२३ मध्ये तो केरळात ८ जूनला पोचला, नेहमीची तारीख १ जून. अशा वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र अजून मेमध्येच असतो आणि सरासरी मात्र जूनची. सगळा नकाशा लाल. २०२५ मध्ये उलट: मान्सून २४ मेलाच केरळात. अशा वर्षी मेअखेर पाणी जूनसारखं आणि तुलना मेशी, म्हणजे नकाशा निळा. समुद्रात विपरीत काही घडलेलं नसतं, पंचांग सरकलेलं असतं. तुमचा डाग मेच्या पहिल्या आठवड्यातला असल्याने त्याला हे पूर्ण लागू नाही, पण तोच डाग १० जूनला दिसला असता तर मी पहिल्यांदा मान्सूनची तारीखच विचारली असती. आणि सरासरी कुठल्या वर्षांची घेतली तेही पाहा. १९७१ ते २००० शी तुलना केली तर आजचा जवळजवळ प्रत्येक दिवस लाल दिसतो. १९९१ ते २०२० शी केली तर बरेच डाग फिके पडतात.

उपग्रहाकडे परत येतो. अवरक्त किरणांनी तापमान मोजणारा उपग्रह समुद्राची फक्त कातडी पाहतो, मिलिमीटरच्या काही शतांश जाडीची. मेच्या दुपारी, वारा नसताना, ती आणि तिच्याखालचं मीटरभर पाणी तापून जातं. असं पाणी मी पुष्कळदा बोटीवरून मोजलं आहे. दुपारी दोनच्या सुमाराला बादलीने वरचं पाणी काढलं तर तापमापक ३२ च्या पुढे सरकतो. तोच तापमापक वायरने चार-पाच मीटर खाली सोडला की ३० वर येऊन थांबतो. पहाटे पाहावं तर दोघांत फरक उरलेला नसतो. म्हणून निव्वळ दुपारचे नकाशे पाहून घाबरू नये, रात्रीचे पाहावेत. मायक्रोवेव्हवर चालणारे उपग्रह ढगांतूनही पाहतात, पण किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरपर्यंत जमिनीचा संकेत त्यात मिसळतो. अरबस्तानातून उडालेली धूळ हवेत असेल तर अवरक्त मोजणी उलट खरीपेक्षा थंड येते. १९९१ साली पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेने आणि धुरक्याने उपग्रहांची जगभरची मोजणी अशीच काही काळ थंडाकडे झुकवली होती. तेव्हा ज्वालामुखी नकाशाला लागतो, पण हवेतून आणि उलट्या दिशेने!

प्रवाहांचा विषय मी लांबवला, कारण तुमच्या डागात त्यांचा हात कमी दिसतो. पण एरवी तो मोठा असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर २०११ साली समुद्र विलक्षण तापला, तो उष्ण प्रवाहाला नेहमीपेक्षा जोर आल्याने. तिथे उष्णता खरोखर बाहेरून आणली गेली. उलट ईशान्य प्रशांतात २०१३ च्या हिवाळ्यापासून जो प्रचंड उबदार पट्टा पसरला, त्याचं मूळ हवेच्या जास्त दाबाने वारे मंद पडण्यात होतं. हिवाळ्यात जी उष्णता जायला हवी होती ती गेली नाही. आपल्याकडे हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट, हलकं पाणी घेऊन येतो. लक्षद्वीपच्या आसपास हे हलकं पाणी वर बसलं की पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये उन्हाची सगळी उष्णता त्या पातळ थरातच कोंडते, आणि तिथलं पाणी मान्सूनच्या आधी जगातल्या सगळ्यात उष्ण समुद्रांमध्ये जाऊन बसतं. अरबी समुद्र आणि मान्सून यांच्या अभ्यासासाठी काढलेल्या आर्मेक्स मोहिमेत २००३ साली याचाच अभ्यास झाला.

शिवाय समुद्राला लांबचं ऐकू येतं. श्रीलंकेजवळ वारा बदलला की त्याचा परिणाम किनाऱ्याला धरून लाटेच्या रूपाने उत्तरेकडे येतो, दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आठवडाभरात गोव्यात. पृष्ठभागावर ही लाट डोळ्यांना दिसत नाही, पाणी काही सेंटिमीटरच चढतं-उतरतं. पण खालच्या उष्ण आणि थंड पाण्यातली सीमा मीटरांनी, कधी दहा-वीस मीटरांनी वर-खाली होते. म्हणून इथे वारा नेहमीसारखा असूनही पाणी विचित्र वागत असेल तर मी दक्षिणेकडे पाहतो.

याचं सगळ्यात स्पष्ट रूप मान्सूनमध्ये दिसतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर खालचं थंड पाणी वर चढत असतं, पण मांडवी-जुवारीचं आणि पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर झाकणासारखं बसतं. सप्टेंबरात कांदोळीसमोर, सत्तावीस-अठ्ठावीस मीटर खोलीवर, मोजणीचं यंत्र दोरीला बांधून सोडलं की आकडे पाहत राहावेसे वाटतात. वर २८ अंश. पाच मीटरवरही २८. मग आठ ते बारा मीटरांच्या दरम्यान पडद्यावरची रेघ एकदम डावीकडे कोसळते, २४, २३, आणि तळाशी २२ च्या आसपास. तळाची बाटली वर आणून तोटी उघडली तर कधी कुजलेल्या अंड्याचा वास येतो. त्या पाण्यात प्राणवायू संपलेला असतो. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला यातलं काहीच कळत नाही, तो २८ सांगून मोकळा होतो. पावसाचं झाकण पातळ झालं आणि वाऱ्याने ते फाडलं की त्याच जागी एका रात्रीत निळा डाग उमटतो. आणि ज्या वर्षी हिंदी महासागराची दोन टोकं उलट वागतात, पश्चिम तापते आणि पूर्वेकडची सुमात्राची बाजू थंडावते, त्या वर्षी लांबून आलेल्या त्याच लाटा आपल्याकडची सीमा खाली दाबतात. थंड पाणी फारसं वर चढत नाही आणि कुजका वासही येत नाही. १९९७ हे असं ठळक वर्ष होतं.

एक छोटं कारण राहिलं, पाण्याचा रंग. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आपल्याकडे तपकिरी भुशासारखा थर पाण्यावर तरंगताना दिसतो, तो सूक्ष्म वनस्पतींचा. असं गढूळ-हिरवं पाणी ऊन वरच्या वर शोषतं, निळ्या पाण्यासारखं खोल जाऊ देत नाही. अरबी समुद्रात याने पृष्ठभागाच्या तापमानात मोजण्याजोगा फरक पडतो हे १९९१ साली शुभा सत्येंद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं. वारा पडलेला असताना हे कारण डागाला हातभार लावतं, एकटं तो उभा करत नाही.

आता बांगड्याचं. वरचं पाणी दीड अंशाने तापलं म्हणून बांगडा संपला असं समजू नका. तो खाली सरकतो किंवा बाहेर जातो, आणि वारा पडल्यावर खालचं खत वर येत नसल्याने त्याचं खाद्यही विरळ होतं. वरच्या थरात जाळं टाकून तो नाही म्हणणं घाईचं आहे. ३१ मेपर्यंतच मासेमारी असल्याने तुम्हाला थांबायला वेळ नाही, हेही समजतं.

पुढच्या वेळी असा डाग दिसला तर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राच्या संकेतस्थळावर आधीच्या दहा दिवसांचा वारा पाहा. तो नेहमीपेक्षा मंद असेल तर निम्मं काम झालं. मग त्या भागात फिरणारा एखादा आर्गो तरंगक आहे का बघा. तो दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येताना तापमान मोजतो. त्यात उष्णता वरच्या दहा-पंधरा मीटरमध्येच असेल, तर दोन दिवस बरा वारा सुटला की डाग पुसला जाईल. ती पन्नास-साठ मीटरपर्यंत गेलेली असेल आणि समुद्राची पातळीही त्या जागी फुगलेली दिसत असेल, तर मात्र मामला प्रवाहाचा किंवा लांबून आलेल्या लाटेचा आहे, तो महिना-दोन महिने हलणार नाही. तशा वेळी संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना रोज पाहा आणि डिझेल जाळण्याआधी जाळ्याची खोली बदला.